पर्यावरणावरच्या मॉडेल यूएनसाठी विद्यार्थ्यांची तयारी कशी करून घ्यावी

मॉडेल यूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांची नक्कल: प्रत्येक विद्यार्थी नेमून दिलेल्या देशाचा प्रतिनिधी होतो, वाटाघाटी करतो आणि ठराव लिहितो. तिथे पर्यावरणाचा विषय मिळाला की विद्यार्थी खूश होतात आणि तयारी तिथेच फसते. अण्वस्त्रांवरची समिती मिळाली तर मुले निमूटपणे वाचायला बसतात. प्लास्टिक, जंगले, हवामान म्हटले की त्यांना वाटते, यावर तर आपण निबंध लिहिले आहेत. मग समितीत सौदी अरेबियाचा प्रतिनिधी पृथ्वी वाचवण्याचे कळकळीचे आवाहन करतो आणि तेलाचा 'ते'सुद्धा काढत नाही. भाषणाला टाळ्या मिळतात, पण चेअरच्या, म्हणजे समितीच्या अध्यक्षाच्या, वहीत गुण पडत नाहीत, कारण त्या खुर्चीवर देश बसलाच नव्हता. स्वतःचे मत बाजूला ठेवून नेमून दिलेल्या देशाचे हित नेमक्या शब्दांत मांडता येणे, हेच या तयारीचे मुख्य काम आहे. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

आठवड्याला दीड तासाच्या दोन बैठका धरल्या तर सहा आठवडे पुरतात. वेळ कमी असेल तर भाषणांचा सराव कापा, मसुदालेखनाचा कापू नका.

आधी समिती ओळखा

एकाच विषयावर वेगवेगळ्या समित्या वेगवेगळे काम करतात. संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण सभा, म्हणजे यूएनईए, नैरोबीत भरते. तिच्यात सर्व १९३ सदस्य देश असतात आणि तिचे ठराव बंधनकारक नसतात. हवामान कराराची परिषद, म्हणजे कॉप, हे वेगळे व्यासपीठ आहे. तिथे युरोपीय संघासह १९८ पक्ष, म्हणजे करार मान्य केलेले सदस्य, आहेत आणि मतदानाचा नियम आजवर मंजूरच झालेला नसल्यामुळे निर्णय सहमतीने होतात. सदस्य देशांवर बंधनकारक निर्बंध लादण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेकडे असतो. यूएनईएच्या मसुद्यात 'प्रदूषण करणाऱ्या देशांवर निर्बंध लादावेत' असे लिहिणारा विद्यार्थी पहिल्याच प्रश्नात आडवा होतो. पहिल्या बैठकीत एवढेच करा: समितीला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे प्रत्येकाकडून पाच ओळींत लिहून घ्या.

त्याच आठवड्यात आयोजकांचे नियमपुस्तक मागवा. नियम परिषदेगणिक बदलतात, म्हणून चार गोष्टी त्यांना लेखी विचारा. निर्णय मतदानाने होणार की सहमतीने? मसुद्याला किती प्रायोजक (तो मांडणारे देश) आणि किती स्वाक्षरीकर्ते (त्यावर चर्चा व्हावी एवढेच म्हणणारे देश) लागतात? पोझिशन पेपर, म्हणजे देशाची लेखी भूमिका, किती शब्दांचा आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा? समितीचा 'आजचा दिवस' कोणता धरायचा? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. अमेरिका हवामानावरच्या पॅरिस करारातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. तारीख ठाऊक नसेल तर अमेरिकेच्या प्रतिनिधीने नेमकी कोणती भूमिका घ्यायची?

देशाचे एक पान

दुसरा आणि तिसरा आठवडा वाचनाला द्या, पण त्यातून निघायला हवे फक्त एक पान. चाळीस पानांची फाइल समितीत कोणी उघडत नाही. पानावर पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, देशाचे पोट कशावर चालते: निर्यात कशाची, वीज कशापासून, रोजगार कुठे. दुसरी, देशाने कोणते करार मान्य केले आहेत. हवामानासाठी पॅरिस करार (स्वीकार १२ डिसेंबर २०१५, अंमल ४ नोव्हेंबर २०१६) आणि त्याखाली देशाने दिलेले राष्ट्रीय योगदान, म्हणजे त्याने स्वतः ठरवलेली हवामान उद्दिष्टे. ओझोनसाठी मॉन्ट्रियल प्रोटोकॉल (१९८७) आणि त्यातली २०१६ ची किगाली दुरुस्ती, जी शीतकरणातल्या एचएफसी वायूंचा वापर कमी करते. जैवविविधतेसाठी डिसेंबर २०२२ मधला कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा, ज्यात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे लक्ष्य आहे. तिसरी, देश कोणत्या गटातून बोलतो. चौथी, तीन मागण्या. पाचवी, दोन लाल रेषा, म्हणजे काहीही झाले तरी देश ज्यावर सही करणार नाही अशा गोष्टी.

लाल रेषा लिहिताना मुले सर्वाधिक अडखळतात. 'पर्यावरणाची हानी आम्हाला मान्य नाही' ही लाल रेषा नव्हे, ती कोणाचीही असू शकते. प्लास्टिक कराराच्या वाटाघाटीचे उदाहरण घ्या. यूएनईएने मार्च २०२२ मध्ये ठराव करून ही प्रक्रिया सुरू केली. नॉर्वे आणि रवांडा ज्याचे नेतृत्व करतात त्या महत्त्वाकांक्षी गटाला उत्पादनापासून कचऱ्यापर्यंतचे संपूर्ण जीवनचक्र करारात हवे आहे. सौदी अरेबिया, रशिया, इराण यांचा भर कचरा व्यवस्थापनावर आहे; उत्पादनावर मर्यादा त्यांना नको. बुसानमध्ये २०२४ च्या अखेरीस आणि जिनिव्हात ऑगस्ट २०२५ मध्ये वाटाघाटी या आणि अशाच इतर मतभेदांमुळे सहमतीविना संपल्या. तेव्हा सौदी प्रतिनिधीच्या पानावरची लाल रेषा अशी हवी: 'प्राथमिक पॉलिमरच्या उत्पादनावर जागतिक मर्यादा नको.' (प्राथमिक पॉलिमर म्हणजे पुनर्वापरातून न आलेले नवे प्लास्टिक.) इतकी नेमकी.

माहिती कुठून घ्यायची? देशाने कराराच्या सचिवालयाला दिलेली निवेदने, मागच्या परिषदांतली भाषणे आणि मंत्रालयाची संकेतस्थळे इथून. बातम्या दिशा कळण्यापुरत्या वाचाव्यात. चॅटबॉटकडून पान लिहून घेण्याची सवय आता सगळीकडे आहे. त्याने दिलेला प्रत्येक आकडा आणि कराराचे प्रत्येक कलम मूळ दस्तऐवजात सापडलेच पाहिजे, नाहीतर खोडा. अस्तित्वात नसलेल्या ठरावाचा क्रमांक भर समितीत वाचून दाखवला की त्यानंतर त्या देशावर कोणी विश्वास ठेवत नाही.

गट आणि पैसा

'विकसित विरुद्ध विकसनशील' एवढ्या विभागणीवर थांबू नका. विकसनशील देशांच्या 'जी-७७ आणि चीन' या एकाच गटात तेल निर्यातदारही आहेत आणि समुद्रपातळीमुळे अस्तित्वच पणाला लागलेली बेटेही. लहान बेटांचा एओएसिस हा ३९ देशांचा गट आहे. तुवालू मिळालेल्या मुलीला 'आपला देश एवढासा' असे वाटत असेल तर तिला हा आकडा सांगा: ३९ मते बांधून आणणारा देश समितीत लहान राहत नाही. शिवाय अल्पविकसित देशांचा गट, आफ्रिकी गट, युरोपीय संघ, मुख्यतः त्याबाहेरच्या विकसित देशांचा अम्ब्रेला गट, आणि स्वित्झर्लंड, मेक्सिको, दक्षिण कोरिया वगैरेंचा पर्यावरण एकात्मता गट आहेत. प्रत्येकाने आपल्या पानामागे तीन याद्या कराव्यात: नक्की सोबत येणारे, अटीवर येणारे, न येणारे. मधली यादी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक नावापुढे ती अट लिहिलेली असावी.

पर्यावरणावरची बहुतेक चर्चा शेवटी पैशाशी येऊन थांबते, म्हणून हे आकडे तोंडपाठ हवेत. विकसित देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले. ते लक्ष्य २०२२ मध्ये पहिल्यांदा गाठले गेल्याचा हिशेब ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने मांडला. बाकूच्या २०२४ च्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत दरवर्षी किमान ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरले आणि अनेक विकसनशील देशांनी ते अपुरे म्हटले. विद्यार्थ्यांना नवा निधी स्थापन करण्याची फार हौस असते. हरित हवामान निधी, जागतिक पर्यावरण सुविधा, अनुकूलन निधी (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा) आणि २०२२ मध्ये ठरलेला हानी-नुकसान निधी एवढे आधीच आहेत. 'नवा निधी कशाला, आणि त्यात पैसे कोण घालणार?' या प्रश्नाला उत्तर नसेल तर असलेल्या निधीचेच नाव लिहावे.

मसुदा: वेळ इथे घाला

चौथा आठवडा पूर्णपणे मसुद्याचा. ठरावाचे दोन भाग असतात. प्रस्तावनेतली कलमे आधीचे करार आणि परिस्थिती नोंदवतात आणि स्वल्पविरामाने संपतात. कृतीची कलमे क्रमांकित असतात, अर्धविरामाने संपतात आणि शेवटच्या कलमानंतर पूर्णविराम येतो. हे एका तासात शिकवून होते. खरे काम पुढे आहे.

विद्यार्थ्याचे पहिले कलम हमखास असे असते: 'सर्व देशांनी २०३० पर्यंत प्लास्टिकवर बंदी घालावी.' त्याला पाच प्रश्न विचारा: कोणी, नेमके काय, कधीपर्यंत, पैसा कुठून, लक्ष कोण ठेवणार? सलाइनची पिशवी आणि इंजेक्शनची सिरिंजही प्लास्टिकचीच असते, तिचे काय? उत्तरे भरत गेले की कलम असे होते:

'सदस्य देशांना आवाहन करते की, पर्याय उपलब्ध असलेल्या एकल वापराच्या प्लास्टिक वस्तूंची राष्ट्रीय यादी त्यांनी दोन वर्षांत तयार करावी आणि वैद्यकीय वापर वगळून त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी करावे; यासाठी विकसनशील देशांना स्वेच्छेने अर्थसाहाय्य व तंत्रज्ञान द्यावे; आणि प्रगतीचा अहवाल दर दोन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाकडे (यूएनईपी) सादर करावा;'

आता हेच कलम फळ्यावर लिहा आणि प्रत्येक देशाला विचारा, तुमचा हात कोणत्या शब्दावर पडतो? सौदी अरेबिया 'उत्पादन' खोडून 'कचरा' मागेल. आफ्रिकी गट 'स्वेच्छेने' काढायला सांगेल आणि देणारे देश तोच शब्द धरून बसतील. 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द सगळ्यांना चालेल, कारण त्यात मुदत नाही. महत्त्वाकांक्षी गटातल्या हुशार प्रतिनिधीने तिथेच बोट ठेवायला हवे. या एका तासात मुलांना जे उमगते ते चार भाषणांतून उमगत नाही. ग्लासगोच्या २०२१ च्या हवामान परिषदेत शेवटच्या घटकेला कोळशाबद्दलचे 'फेज आउट' (टप्प्याटप्प्याने बंद करणे) बदलून भारताच्या आग्रहावरून 'फेज डाउन' (टप्प्याटप्प्याने कमी करणे) झाले आणि तेवढ्या एका बदलावर सभागृह अडले होते, हे तेव्हाच सांगा.

क्रियापदांची चढण मुलांना पाठ हवी: 'इन्व्हाइट्स' (निमंत्रण देते) सर्वांत सौम्य, मग 'एन्करेजेस' (प्रोत्साहन देते), 'कॉल्स अपॉन' (आवाहन करते), 'अर्जेस' (आग्रह धरते). 'डिमांड्स' (मागणी करते) पर्यावरणाच्या समितीत शोभत नाही. चढण माहीत असली की तडजोडीचे चलन हातात येते. मुद्दा न सोडता क्रियापद एक पायरी खाली आणता येते.

चौकटी कंसांचा सरावही जरूर घ्या. खऱ्या वाटाघाटीत न ठरलेला मजकूर अशा कंसांत ठेवतात. पाच कलमांचा मसुदा तयार करा, त्यात बारा ठिकाणी पर्यायी शब्द कंसात टाका, सहा देशांना जोड्यांनी बसवा आणि ४० मिनिटे द्या. एकही कंस न उरता मसुदा निघाला तर उत्तमच. पण घाई करून कोणी आपली लाल रेषा ओलांडली का, हे एकेकाचे पान समोर ठेवून तपासा.

बोलणे आणि मोशन

इंग्रजीत मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. म्हणजे ६० सेकंदांच्या भाषणात देशाची भूमिका, एक कारण, एक प्रस्ताव आणि कोणाला सोबत बोलावता ते, एवढेच मावते. चेअरचे आभार आणि विषयाचे महत्त्व यांत दहा सेकंद गेले तर प्रस्ताव कापला जातो. बऱ्याच परिषदांत 'मी' चालत नाही, 'आमचा देश' म्हणावे लागते. हे पहिल्या दिवसापासून तोंडी बसवा.

मॉडरेटेड कॉकसचे (चेअर एकेकाला बोलू देतो अशा छोट्या चर्चेचे) मोशन, म्हणजे प्रस्ताव, मांडताना एकूण वेळ, प्रत्येकाचा वेळ आणि उपविषय तिन्ही सांगावे लागतात आणि भागाकार पूर्ण बसावा लागतो. दहा मिनिटांना ४५ सेकंद बसत नाहीत; ३० सेकंद घेतले तर वीस वक्ते होतात. उपविषय अरुंद ठेवावा. 'हवामान बदल' असे मोशन मांडले की प्रत्येक जण आपले सुरुवातीचे भाषणच पुन्हा वाचतो. 'अनुकूलन निधीचे निकष' असे मांडले तर चर्चा होते. हजेरीच्या वेळी 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हणणाऱ्याला सहसा नंतर तटस्थ राहता येत नाही, हेही आधीच सांगा. पुष्कळ जण रुबाबदार वाटते म्हणून ते म्हणून बसतात.

सराव परिषद

पाचव्या आठवड्यात तीन तासांची एक आणि सहाव्यात एक, दोन्ही पूर्ण नियमांनिशी घ्या. पहिलीत तीच दृश्ये दिसतील: अनमॉडरेटेड कॉकस (जागेवरून उठून मोकळेपणी बोलण्याची वेळ) सुरू होताच दोन-तीन बोलक्या मुलांभोवती घोळका जमतो आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. गप्प मुलांना 'बोला, बोला' म्हणून उपयोग होत नाही. त्यांच्या हाती मसुद्याचा लॅपटॉप द्या. ज्याच्या हातात मजकूर, त्याच्याकडे सगळ्यांना यावेच लागते. मसुद्याची एकच प्रत ठेवायची, तिच्या नावात वेळ लिहायची आणि टाइप एकानेच करायचे. दोन गटांचे मसुदे जोडताना एकमेकांना छेद देणारी कलमे तशीच राहतात, म्हणून जोडल्यावर एकाने सगळे मोठ्याने वाचायचे.

दुसऱ्या सरावात तासाभरानंतर देशांची अदलाबदल करा. नॉर्वेने सौदी अरेबियाची बाजू मांडायची. समोरच्याची लाल रेषा कुठे आहे हे याने जितके पटकन कळते तितके वाचून कळत नाही, आणि दुरुस्ती सुचवताना समोरचा काय स्वीकारेल याचा अंदाज येतो. प्रायोजकांना मान्य असलेली दुरुस्ती थेट मसुद्यात जाते. नसलेली मतदानाला टाकावी लागते. त्यामुळे आधी प्रायोजकांशी बोलून पाहावे.

परिषदेचे दिवस

बॅगेत नियमपुस्तक, देशाच्या पानाच्या दोन प्रती, चिठ्ठ्यांसाठी कोरे कागद, घड्याळ आणि पाणी हवे. समितीत काही ठिकाणी मोबाइल चालत नाही, म्हणून करारांची लागणारी कलमे छापून न्या. सत्र चालू असताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या पाठवू नयेत. मधल्या सुट्टीत भेटल्यावर दोनच गोष्टी विचाराव्यात: मसुद्यात तुमचे कोणते कलम गेले, आणि कोणाला अजून भेटला नाहीत? परतल्यावर मंजूर झालेला ठराव घ्या, प्रत्येकाचे एक पान शेजारी ठेवा आणि कोणती मागणी कोणत्या शब्दांत आत गेली, कोणती कशाच्या बदल्यात सुटली, याच्या खुणा विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. पुढच्या तुकडीला शिकवताना हाच कागद कामाला येतो.