मिक्सर थप्पड मारून चालवताय? मग हे वाचा

आमचा मिक्सर डावीकडून एक थप्पड मारली की चालू व्हायचा, उजवीकडून मारली तर नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं, भांडी घासायला येणाऱ्या ताईंना पण, फक्त पाहुण्यांना सांगावं लागायचं. दोन वर्षं असंच चाललं. मग मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी नऊला पंचामृताचे भाजलेले तीळ अर्धे फिरले न् फिरले तोच खालून धूर. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, कारण "चालतोय ना अजून" हे दर वेळी मीच म्हणायचो. तर त्या दोन वर्षांत काय करायला हवं होतं ते लिहितोय, कोणाच्या तरी कामाला येईल.

सगळ्यात आधी, मिक्सर बिघडला म्हणजे नक्की काय बिघडलं ते बघा, भांडं की मोटर. लोक इथेच चुकतात, भांड्याचा दोष असतो आणि उचलून आणतात नवं मशीन, किंवा आमच्यासारखं उलटं. भांडं काढून नुसतं मशीन एक नंबरवर दोन सेकंद फिरवा. साफ, एकसारखा आवाज आला तर मोटर ठीक आहे. आता प्लग काढा (खरंच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही) आणि भांडं उलटं करून खालचा कपलर (मशीनवर अडकणारी दातेरी चकती) बोटाने फिरवा. सहज फिरायला पाहिजे. जाम असेल तर आत बुशमध्ये (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) वाळलेलं पीठ नाहीतर चटणी बसलीय, भांड्यात गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा, हळूहळू फिरवत मोकळा करा, भांडं सुकवा आणि खायच्या खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा, बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. पण पातं हाताला डुगडुगत असेल आणि भांड्याच्या बुडातून काळं पाणी येत असेल तर बुश गेलं, तेलाने काही होणार नाही, बदलूनच घ्या आणि तोवर त्या भांड्यात काही वाटू नका. आमच्या छोट्या भांड्यातल्या पुदिन्याच्या चटणीत एक राखाडी रेघ यायची, ती आम्ही तीन महिने जिऱ्याची समजून खाल्ली.

मशीन अचानक एकदम बंद पडलं, ना आवाज ना वास, तर घाबरू नका. उलटं करा, खाली एक छोटं लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. जास्त लोड आला की ते आपोआप ट्रिप होतं आणि मोटर वाचते. दहापंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. लगेच दाबून परत तेच भांडं तसंच चढवलं तर परत ट्रिप होणारच, आधी थोडा माल काढा. आणि आठवड्यातून चार वेळा ते बटण दाबावं लागत असेल तर दोष बटणाचा नाही हे समजा (मला समजायला दीड वर्ष लागलं).

मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, नुसता खडखड आवाज, तर कपलरचे दात झिजले. एक भांड्याखाली असतो, एक मशीनवर, दोन्ही बघा. मशीनवरच्याचे आटे बहुतेक उलटे असतात, म्हणजे आपण बाटलीचं झाकण उघडतो त्याच्या उलट दिशेने तो निघतो, मी पहिल्यांदा जोर लावून लावून अजून घट्ट केला होता.

आता ठिणग्या. बाजूच्या जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसतातच, आत कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे, घासत असतात. पण चांगल्या नारिंगी, गोल फिरताना दिसल्या आणि मशीन मधेच अडखळायला लागलं तर ब्रश संपलेत, जोडीने बदला, एकच बदलू नका. आमची थप्पड म्हणजे तरी काय होतं, झिजलेला ब्रश धक्क्याने जागेवर बसायचा, बस. गल्लीतल्या दुकानवाल्या भैय्याने शेवटी खोलून दाखवलं तेव्हा कळलं. म्हणाला, दोन साल पहले आते तो चाय के पैसे में हो जाता. तोवर ठिणग्यांनी आतला तांब्याचा भाग जळून काळा पडलेला आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, पण गेलेलं.

नवीन घ्यायचा मुहूर्त लगेच निघत नसेल तर म्हाताऱ्या मशीनला जरा जपून घ्या. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. सुंठ, हळकुंड, खडीसाखर आधी खलबत्त्यात फोडून घ्या. इडलीचं पीठ थंड पाण्याने वाटा, नाहीतर भांडं तापतं आणि पीठ पण. सलग पाच मिनिटांच्या वर चालवायचंच नाही, मधे दोन-तीन मिनिटं थांबायचं. दाण्याचं कूट तर मुळीच एकसारखं फिरवू नका, नॉब उलटा फिरवून झटके द्या, कूट पण मोकळं होतं, तेल सुटत नाही. संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल आणि मशीन कण्हतंय असं वाटलं तर घट्ट वाटण सकाळवर ढकला. गरम डाळ-टोमॅटो झाकण लावून फिरवू नका, वाफेने झाकण उडतं, आमच्या छतावर अजून डाग आहे, भाड्याचं घर असतं तर डिपॉझिट गेलं असतं.

आणि जळका, वार्निशसारखा वास आला की बास. प्लग काढा, परत लावून बघू नका. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद. माझा हिशोब आता असा आहे, बुश, कपलर, ब्रश यासाठी दुरुस्ती करायचीच, स्वस्तात होते. वाइंडिंगचं नाव निघालं किंवा दुरुस्तीचे पैसे नवीनच्या अर्ध्याजवळ गेले की नमस्कार करून मोकळं व्हायचं. तसं आपल्याकडचा दणकट मिक्सर पण एका बंद पडलेल्या मिक्सरमुळेच आला म्हणा, 1963 साली सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरच्या घरचा परदेशी मिक्सर बिघडला आणि त्यातून सुमीत मिक्सर निघाला. पण ते इंजिनियर होते, आपण थप्पड मारणारे.

नवीन आणायला आम्ही इथे इंदूरच्या महाराणी रोडला गेलो, मी, आई आणि आईची पिशवी. पिशवीत पावभर भिजवलेली उडदाची डाळ. दुकानदार आधी हसला, मग त्याने खरंच वाटून दाखवली. जमलं तर हे कराच, नाहीतर निदान पाणी घालून तरी फिरवून बघा, झाकणाच्या कडेने थेंब येतात का, तीन नंबरवर मशीन ओट्यावर सरकतं का, खालचे रबरी पाय धरून ठेवतात का. चारपाच जणांच्या घराला, इडली-डोसा, मसाले सगळं होत असेल तर 750 वॅट पुरे. चटणी आणि कूट एवढंच असेल तर 500 पण चालतं. 1000 वॅटच्या आवाजाने शेजारी उठतात, आम्ही नाही घेतला. खाली आयएसआयचा मार्क आणि आयएस 4250 लिहिलंय का बघा, तांब्याचं वाइंडिंग आहे का विचारा, सुट्टं भांडं आणि कपलर इंदूरमध्येच मिळतील का हे तर नक्की विचारा. वॉरंटीचं कार्ड तिथेच उभं राहून वाचा, मोटरची पाच वर्षं मोठ्या अक्षरात असतात आणि भांडी, पाती, ब्रश त्यात नाहीत हे बारीक अक्षरात. बिलावर शिक्का घ्या. जुनी भांडी नव्या मशीनवर चढतील अशा आशेवर राहू नका, कपलर बहुतेक कंपनीगणिक वेगळा.

घरी आणल्यावर पहिल्यांदा थोडा वास येतो, वाइंडिंगवरच्या वार्निशचा, तो जातो. वास वाढतच गेला तर मात्र बिल घेऊन परत जा.

जुन्याचं एक स्टीलचं भांडं आईने पातं काढून घेऊन ठेवलंय, त्याने तांदूळ मोजते. बाकीचं मशीन कचऱ्याच्या गाडीत. आपल्याकडे इंदूरमध्ये गाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, त्यातच टाका, ओल्या-सुक्यात ढकलू नका. मी वायर गुंडाळून मशीन दिलं तर गाडीवाल्याने उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, चालू है क्या?

आई दारातूनच म्हणाली, "बाएँ से मारोगे तो हो जाएगा."