गुलबक्षीचा संकर: फुलांच्या रंगाचा वारसा घरी कसा तपासावा

गुणधर्म पुढच्या पिढीत कसे उतरतात हे पाहायचे, तर वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलप्रमाणे वाटाणाच लावावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ठाणे-नवी मुंबईच्या दमट उकाड्यात वाटाणा जेमतेम तग धरतो. त्याला जी थंडी लागते ती इथे पडत नाही. त्याऐवजी गुलबक्षी घ्यावी. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला, की पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात, कारण इथे एक रंग दुसऱ्याला पूर्णपणे झाकत नाही. त्यामुळे झाडात रंगाच्या जनुकांची कोणती जोडी आहे हे नुसत्या फुलावरून कळते.

बी जूनमध्ये कुंडीत लावावे. पिवळी, ठिपक्यांची आणि पट्ट्यांची फुले येणारी झाडे वगळावीत, कारण त्यांच्या रंगांचा हिशेब इतका सोपा नसतो. निवडलेल्या झाडांचे स्वपरागित (स्वतःच्याच परागाने धरलेले) बी आधी पेरून सगळी रोपे त्याच रंगाची निघतात, हे पाहून घ्यावे.

खरी कसोटी पुंकेसर, म्हणजे फुलाचे पराग देणारे नर भाग, काढण्याची आहे. उमललेल्या फुलावर ब्रश फिरवला की संकर झाला, हे अनेक ठिकाणी लिहिलेले असते आणि ते साफ चुकीचे आहे. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, आणि मिटताना तिचे पुंकेसर व कुक्षीवृंत (पराग स्वीकारणाऱ्या कुक्षीचा दांडा) एकत्र गुंडाळले जाऊन आपोआप स्वपरागण होते. म्हणून दुपारीच, त्या संध्याकाळी उमलणारी फुगीर, रंग भरलेली कळी निवडावी, बारीक चिमट्याने तिची नळी उभी चिरावी आणि परागकोश न फुटता एकेक पुंकेसर तंतूला धरून काढावा. नळीच्या तळाशी अंडाशय असतो. तिथे चिमटा लागला तर कळी गळते. यातील पराग इतके मोठे असतात की कुक्षीवर पडलेला कण साध्या डोळ्यांनाही दिसतो. तसा एकही कण दिसला तर ती कळी टाकून द्यावी. मग बटरपेपरची पिशवी बांधावी, नाहीतर संध्याकाळी पतंग येऊन सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतात. हे काम पाऊस ओसरल्यावरच करावे, कारण ओली पिशवी कुक्षीला चिकटते.

काही कळ्यांचे पुंकेसर काढून, पराग न लावता, त्या तशाच पिशवीत ठेवाव्यात. त्यांत बी धरले, तर कुठेतरी पराग शिरलेला आहे आणि त्या दिवसाचे सर्व संकर बाद समजावेत. ही तपासणी टाळून काढलेल्या निष्कर्षांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या फुलाचे पराग कुक्षीला लावून पिशवी पुन्हा बांधावी. एका फुलातून एकच बी मिळते, पण पहिल्या पिढीची मोजकी गुलाबी झाडेही पुरतात. त्यांच्या कळ्या पिशवीत ठेवून मिळालेले बी पेरावे.

दुसऱ्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरे हे प्रमाण १:२:१ अपेक्षित असते. समजा ४० झाडांत १३ लाल, १९ गुलाबी आणि ८ पांढरी निघाली, तर काय-वर्ग (अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांतील तफावत मोजणारी संख्या) १.३५ येतो, आणि निव्वळ योगायोगाने ५% वेळाच ओलांडली जाणारी मर्यादा ५.९९ असल्याने हे आकडे अपेक्षेशी जुळतात.

एवढ्यावरून जनुकांचा नकाशा, म्हणजे ती एकमेकांपासून किती दूर आहेत हे, मात्र काढता येत नाही. त्यासाठी किमान दोन गुणधर्म एकाच वेळी पाहावे लागतात आणि संकरित झाडाचा दोन्ही अप्रभावी (दुसऱ्या गुणापुढे झाकले जाणारे) गुण असलेल्या झाडाशी पुन्हा संकर करून नव्या जुळणीची रोपे मोजावी लागतात. अशी रोपे १% निघाली, तर ती दोन जनुके एकमेकांपासून साधारण १ सेंटिमॉर्गन (जनुकांमधील अंतराचे एकक) अंतरावर आहेत असे मानतात.