या चुका टाळा: होम रोज वेगळीकडे येतंय?

शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) बिडाच्या पंप बॉडीचं बोअरिंग चालू होतं. सकाळी होम घेतलं, म्हणजे मशीनला त्याची शून्याची जागा शोधायला लावली, आणि पहिलाच जॉब एक्समध्ये बरोबर १० मिमी सरकला. सेटरने जी-५४ मध्ये, म्हणजे जॉबची जागा सांगणाऱ्या ऑफसेटमध्ये, १० मिमी टाकून काम पुढे रेटलं. दुसऱ्या दिवशी होम मूळ जागी आलं, तोच ऑफसेट अंगाशी आला आणि आणखी एक जॉब भंगारात गेला.

होमची चूक ऑफसेटने झाकू नका. आधी आकडा बघा. त्या मशीनचा स्क्रू १० मिमी पिचचा (एका फेऱ्यात टेबल १० मिमी सरकतं) आणि मोटारला थेट जोडलेला. फरकही नेमका एका पिचचा. अशा मशीनवर होम घेताना डॉग नावाची पट्टी स्विच दाबते, वेग कमी होतो आणि स्विच सुटल्यावर एन्कोडरचा (मोटारीचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) जो पहिला मार्कर, म्हणजे दर फेऱ्याला एकदा मिळणारा सिग्नल, येतो तो झिरो धरला जातो. म्हणजे स्विच फक्त कुठला फेरा ते ठरवतो, नेमकी जागा एन्कोडर देतो. स्विच सुटण्याची जागा मार्करला अगदी चिकटून असेल तर कधी हा मार्कर सापडतो, कधी पुढचा. फॅनुकच्या ०आय कंट्रोलवर डायग्नोसिस ३०२ मध्ये स्विच सुटल्यापासून मार्करपर्यंतचं अंतर दिसतं. ते पिचच्या साधारण निम्मं हवं. त्या मशीनवर ते जवळजवळ शून्य होतं. डॉग ५ मिमी सरकवला, होम पुन्हा घेतलं, आणि सगळे ऑफसेट तपासूनच जॉब लावला. हे तपासणं चुकवू नका, कारण डॉग हलवल्यावर झिरोच एक पिच सरकलेला असू शकतो.

फरक पिचच्या पटीत नसेल, दरवेळी वेगळाच येत असेल, तर डॉगला हात लावू नका. मोटार आणि स्क्रू जोडणारं कपलिंग ढिलं आहे का ते आधी बघा.

छोट्या सीएनसी राउटरवर (लाकूड-प्लास्टिक कापणाऱ्या मशीनवर) बहुधा मार्कर नसतो, तिथे सगळी भिस्त स्विचवर. अशा मशीनच्या जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये $२५ हा शोधण्याचा वेग आणि $२४ हा नेमकं टेकण्याचा. घाईपोटी $२४ वाढवला की अचूकता गेलीच.

आपल्याकडे बिडाचं काम जास्त, त्यामुळे प्रॉक्सीचा (धातू जवळ आला की न टेकताच चालू होणाऱ्या सेन्सरचा) त्रासही जास्त. बिडाची काळी पूड कुलंटमध्ये मिसळून सेन्सरच्या तोंडावर लेपासारखी बसते आणि डॉग लांब असतानाच प्रॉक्सीचा दिवा लागतो. पुसलं की मशीन नीट, आठवड्याने परत तेच. प्रॉक्सी शक्यतो तोंड खाली करून बसवा, वर पत्र्याचं कव्हर द्या.

लिमिट स्विच (टेबल हद्दीबाहेर गेलं की मशीन थांबवणारा) एनओवर, म्हणजे एरवी वीज न वाहणाऱ्या संपर्कावर, जोडणं ही तर जिवावरची चूक. वायर तुटली तरी कळत नाही. टेबल धडकल्यावरच कळतं. एनसीवर (एरवी वीज वाहणाऱ्या संपर्कावर) जोडा, म्हणजे वायर तुटताच मशीन थांबेल. शिल्डेड केबल वापरा आणि ती स्पिंडल ड्राइव्हच्या केबलपासून लांब न्या, नाहीतर विनाकारण अलार्म येत राहतात. मग कंटाळून कुणीतरी पॅनेलमध्ये जंपर मारतो, म्हणजे वायरचा तुकडा लावून स्विचच बाद करतो. तो जंपर दिसला तर त्याच दिवशी काढा.

लिमिटच्या पुढे थांबायला जागाही हवी. २० मीटर प्रति मिनिट रॅपिडला (रिकाम्या धावेच्या वेगाला) टेबल सेकंदाला ३३३ मिमी जातं, वेग एकसारखा कमी होत थांबायला ०.१ सेकंद लागला तरी ते सुमारे १७ मिमी पुढे सरकतं. स्विच शेवटच्या ठोकळ्यापासून ५ मिमीवर असेल तर त्याचा काही उपयोग नाही.