वारसास्थळाची आपत्तीपूर्व तयारी आणि नंतरचे पहिले ४८ तास

आपत्तीत प्राचीन वास्तूचे जे नुकसान होते, त्याला आधीचे दुर्लक्ष आणि नंतरची घाई यांचाही बराच हातभार असतो. भूकंप किंवा पूर कोणाला थांबवता येत नाही; पण या दोन गोष्टी वास्तू सांभाळणाऱ्यांच्या हातात असतात, म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करावी.

प्रथम नोंद पूर्ण करावी. मोजमापांसह नकाशे, प्रत्येक भिंतीची व छताची छायाचित्रे आणि हलवता येण्याजोग्या वस्तूंची यादी तयार करून तिची एक प्रत वास्तूपासून दूर ठेवावी. यादी नुसती वस्तूंची नसावी. कोणती वस्तू सर्वांत आधी बाहेर काढायची, ती उचलायला किती माणसे लागतात, ती कोणत्या दारातून जाते आणि किल्ली कोणाकडे असते, हेही तीत लिहिलेले असावे. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, तेव्हा अग्निशामक दलाच्या जवानांनी आणि इतरांनी साखळी करून मौल्यवान वस्तू बाहेर काढल्या. आगीपूर्वी झालेले लेसर स्कॅनिंग पुढे पुनर्बांधणीच्या कामी आले.

यानंतर देखभालीकडे वळावे. पन्हाळी व पाण्याचे मार्ग पावसापूर्वी मोकळे करावेत, सांध्यांत रुजलेली रोपटी मुळे खोल जाण्याआधी काढावीत. तडा गेलेला दिसला की त्यावर लगेच गिलावा चढवू नये. त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी, म्हणजे पट्टी फुटल्यास तडा वाढत असल्याचे कळते. चुन्यातल्या जुन्या बांधकामाचे सांधे सिमेंटने भरण्याचा मोह टाळावा, कारण सिमेंट भिंतीतली ओल कोंडून ठेवते आणि मऊ दगड झिजू लागतो.

इटलीतील असिसी येथील संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकाचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. तेथील कमानदार छताच्या वरच्या बाजूला, कमानी जिथून सुरू होतात त्या खोलगट भागात, पूर्वीच्या दुरुस्त्यांचा राडारोडा साचला होता आणि भूकंपाच्या हादऱ्यांत छताचे भाग कोसळण्यामागे हे सुटे वजन हे एक प्रमुख कारण असल्याचे नंतरच्या तपासणीत आढळले. २६ सप्टेंबर १९९७ च्या पहाटे पहिला धक्का बसला. त्याच दिवशी दुपारपूर्वी, आत नुकसानीची पाहणी चालू असताना, दुसऱ्या धक्क्याने छताचा भाग खाली आला आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे छताच्या वर काय साचले आहे हे दरवर्षी चढून पाहावे, आणि भूकंपानंतर स्थापत्य अभियंत्याने परवानगी देईपर्यंत, वस्तू कितीही मोलाची असली तरी, कोणालाही आत सोडू नये.

आगीसाठी नुसती उपकरणे बसवून भागत नाही, सरावही लागतो. जपानमधील होर्यू-जी मंदिरातील भित्तिचित्रे २६ जानेवारी १९४९ च्या आगीत जळाली. तेथे आता दरवर्षी त्याच तारखेला देशभरातील वारसास्थळांवर अग्निशमनाचे सराव होतात. स्थानिक अग्निशामक दलाला वास्तू आतून दाखवून ठेवावी आणि कोणत्या भिंतीवर पाण्याचा थेट जोरदार फवारा मारू नये, हेही सांगून ठेवावे.

कोसळलेल्या वास्तूचा ढिगारा हा कचरा नव्हे, हे प्रशासनाला आधीच लेखी कळवलेले बरे. एकदा यंत्रे आली की समजावायला वेळ उरत नाही. माणसांची सुटका झाल्यावर जागेचे चौकोनी भाग पाडावेत, छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक कोरीव तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. कोरीव बाजूवर रंगाने आकडे लिहू नयेत. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर पाटण येथे ढिगाऱ्यातून वेचून ठेवलेले कोरीव लाकूड मंदिरे पुन्हा उभारताना वापरता आले.

भिजलेल्या कागदपत्रांना मात्र थांबायला वेळ नसतो, कारण साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. भिजलेला ग्रंथ उघडू नये, दाबू नये, पाने सुटी करण्याचा प्रयत्न करू नये. चिखल असेल तर ग्रंथ बंद ठेवूनच स्वच्छ पाण्यात हलकेच धुवावा, सैल गुंडाळावा आणि जितके हातावेगळे करता येतील तितकेच ग्रंथ हवेवर वाळवावेत. उरलेले गोठवावेत; त्यामुळे बुरशीची वाढ थांबते आणि वाळवण्याचे काम सवडीने करता येते. प्राग येथे २००२ च्या पुरानंतर भिजलेले ग्रंथ मोठ्या प्रमाणावर असेच गोठवले गेले. काचेवरची जुनी छायाचित्रे मात्र कधीही गोठवू नयेत.

भिंतींच्या बाबतीत उलट संयम हवा. गरम हवेचे झोत सोडून त्या झटपट वाळवल्या, तर आतले क्षार वेगाने पृष्ठभागाशी येऊन स्फटिक धरतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवून नैसर्गिक वाऱ्यावर त्या सावकाश वाळू द्याव्यात आणि ओल मोजून ती पूर्ण उतरल्याची खात्री झाल्यावरच नवा गिलावा करावा.