वळवाच्या पावसाचा अंदाज : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातला एप्रिल-मेचा पाऊस शिकायचा असेल, तर आधी तापमानावरची नजर काढा. परभणी-नांदेडचा पारा 41-42 वर कितीतरी दिवस मुक्काम ठोकतो. पाऊस काही रोज येत नाही. खरा फरक बाष्पाचा. म्हणून सकाळी मी सगळ्यात आधी दवबिंदू बघतो, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होतं, ते तापमान. वायव्येचा कोरडा वारा असला की दवबिंदू 9-10 अंशांवर असतो. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आलं की 18-19 वर चढतो.

याचं ढोबळ गणित सोपं आहे. दुपारचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले 125, म्हणजे ढगाचा तळ अंदाजे किती मीटरवर, ते. 41 आणि 9 असेल तर 4000 मीटर. इतक्या उंचीवरचे थेंब वाटेतच आटतात, त्यामुळे हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते. गावात येतो तो धुराळा, उडालेले पत्रे, शिंतोडे. दवबिंदू 19 असेल तर तळ 2750 मीटर. पाणी जमिनीला लागण्याची आशा वाढते.

पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हवामान फुगे सोडतात. नागपूर आणि हैदराबादच्या नोंदी जवळ ठेवा. केप (CAPE), म्हणजे ढग वर चढवायला हवेत साठलेली ऊर्जा, मोठा दिसला की नवखी मंडळी लगेच ‘आज धो धो’ म्हणून मोकळी होतात. पण वर उबदार हवेचं झाकण असेल तर ती सगळी ऊर्जा तशीच पडून राहते. ते फुटायला निमित्त लागतं : विदर्भातून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे उतरणारी द्रोणी म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, दोन दिशांचे वारे भिडण्याची जागा, कधी बालाघाटचे डोंगर.

एवढं करूनही सकाळी गावाचं नाव घेऊ नका. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांची लोक थट्टा करतात, पण त्याला माप आहे : विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. तालुक्याबद्दल बोलायचं ते दुपारी, इन्सॅट उपग्रहाच्या चित्रात ढग वाढताना दिसल्यावर. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप उघडं ठेवा.

वसमतकडून फोन येतो, “दादा, हळद झाकू का?” शिजवलेली हळद वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात, मधेच भिजली की रंग जातो, बुरशी धरते. अशा वेळी टक्केवारी सांगत बसू नये. ढग कुठून कुठे सरकतोय ते बघून “चारच्या आत ताडपत्री ओढा” किंवा “अजून थांबा” एवढंच सांगावं. ताडपत्री फुकट ओढली तर अर्ध्या दिवसाचं ऊन जातं, न ओढता भिजली तर भाव. म्हणून शंका असली की मी झाकायलाच सांगतो.

शिक्षणाचं म्हणाल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी हवामानशास्त्र आहे, पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्र. भौतिकशास्त्र-गणित पक्कं असेल तर दोन्हीकडे निभावतं.

पडताळा मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. महसूल मंडळांतल्या ‘महावेध’च्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे त्यासाठी बरे पडतात. एक गोम ध्यानात घ्या : पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी संध्याकाळी झोडपलेला पाऊस बुधवारच्या तारखेला चढतो. हे न बघता जुळवलंत, तर बरोबर आलेला अंदाजही वहीत चुकलेला दिसेल.