होळीच्या आधी टँककडे बघा (नागपूरवाल्यांसाठी)

होळी जवळ आली की आपल्याकडे कूलर बाहेर निघतो, ताट्या बदलतात, पंप फिरतो का ते पाहिलं जातं. त्याच रविवारी प्लांटेड टँकचंही (म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टँकचंही) उरकून घ्या, कारण मे महिन्यात पानं वितळायला लागली की मग हातात फारसं काही उरत नाही.

सगळ्यात आधी थर्मामीटर. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी नको, ती खोलीची हवा पण मोजते, पाण्यात बुडणारा घ्या आणि आठवडाभर सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला आकडा लिहून ठेवा, म्हणजे आपला टँक दिवसात किती वरखाली होतो ते कळेल. बहुतेक प्लांट्स २२ ते २८ डिग्रीत मजेत असतात, ३० च्या वर वाढ मंदावते, आणि बरेच दिवस ३२-३३ राहिलं तर नाजूकवाले हात टेकतात. होतं काय, की गरम पाण्यात झाडाचा श्वासाचा खर्च वाढतो पण अन्न बनवायचा वेग त्या मानाने वाढत नाही, आणि वर पाण्यात हवाही कमी मावते, म्हणजे २५ डिग्रीला लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन असतो तो ३५ ला ७ च्या आत येतो. रात्री लाईट बंद झाला की झाडं ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट माशांसोबत तेही तोच ओढतात. म्हणून एअरस्टोन (एअर पंपाला जोडून पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड) दिवसा नसला तरी चालेल, रात्री पाहिजेच.

हीटरचा प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करू नका. लाईट आठ तासांवरून सहावर आणा आणि दुपार टाळून संध्याकाळी लावा, काचेचं झाकण उघडं ठेवा (उड्या मारणारे मासे असतील तर जाळी टाका). झाडांना कार्बन डायऑक्साईड द्यायला साखर-यीस्टची बाटली लावत असाल तर लक्षात ठेवा, यीस्टला उन्हाळा फार आवडतो, हिवाळ्यात रमतगमत चालणारी बाटली इथे धडाधड बुडबुडे सोडते आणि लवकर संपते पण. मी तर मार्चमध्ये ती काढूनच टाकतो.

आता वॉटर चेंज. हे मी भोगलंय म्हणून जरा लांबवतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये दुपारी अडीचला सुट्टी होती म्हणून पाणी बदलायला बसलो, नळाचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, हाताला चटका बसेल असं, आणि मी गप्पांच्या नादात अर्धा टँक भरून मोकळा. मासे वाचले कसेबसे. तिसऱ्या दिवशी क्रिप्टची (क्रिप्टोकोरीन नावाच्या पाणवनस्पतीची) पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली, बोटात धरलं तर उकडलेल्या पालकासारखी चिकट होऊन सुटून आली, वास वेगळाच. तेव्हापासून पाणी पहाटेच भरतो, तेही रात्रीच बादल्यांत काढून घरात ठेवलेलं, आणि एका वेळी पाव टँकच. क्रिप्ट असं वितळलं तर उपटून फेकू नका, फक्त सडकी पानं काढा (राहिली तर अमोनिया होतो, आणि तो गरम पाण्यात जास्त घातक), मुळं तशीच राहू द्या, माझी जुलैत परत फुटली.

पाण्यावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा मात्र आत्ताच घ्या. आपली हवा कोरडी असल्यामुळे दोन-तीन डिग्री आरामात उतरतात, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तेवढा फायदा नाही. पाणी उडतं भरपूर, माझ्या दोन फुटी टँकमधून रोज लिटरभर तरी, ते बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर क्षार आतच साठत जातात, त्यासाठी आरओचं किंवा साधं मऊ पाणी ठेवा. बर्फाच्या बाटल्या टाकायचा मोह टाळा, दुपारी पाच डिग्री खाली आणि संध्याकाळी परत वर, झाडाला ते जास्त सोसत नाही.

नवीन प्लांट्स मागवायचे तर मार्चच्या मध्यापर्यंत, नंतर कुरिअरच्या डब्यात भाजी शिजूनच येते. नवशिक्यांनी या सीझनला जावा मॉस आणि बुसेफालँड्राच्या नादी लागू नये, हॉर्नवर्ट, वॅलिसनेरिया, वॉटर विस्टेरिया, ब्राह्मी ही आपल्याच तळ्या-नाल्यांतली मंडळी, यांना ऊन नवीन नाही. अनुबियासही निभावतं, फक्त सावलीत ठेवा.

राहिलं लग्नाचं. मे मध्ये चार दिवस गावी जायचंच असतं आणि निघताना घरचं कोणीतरी मेन स्विच बंद करतंच, तेव्हा टँकच्या बोर्डावर आधीच कागद चिकटवा, बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा, आणि शेजारच्या काकूंना किल्ली देताना हात जोडून सांगा की काकू, खायला रोज चिमूटभरच टाका, आणि पाणी कमी दिसलं तर नळाचं नका टाकू, कोपऱ्यात झाकलेली बादली आहे त्यातलं टाका.