शिवरात्रीची पिल्लं, पोळ्याची अंडी

आमच्याकडे कुणाला कोंबड्या पाळायच्या असल्या की तो आधी विचारतो, पिल्लं कुठून आणू? मी म्हणते, आधी कधी आणायची ते ठरवा. मी वर्धा जिल्ह्यात राहते. तीन एकर कोरडवाहू शेती, कापूस, सोयाबीन आणि तूर, दारात दोन गाई. नऊ वर्षांपासून घरामागे पन्नास-साठ पक्षी सांभाळते आहे. पहिल्या वर्षी मी दसऱ्याला पिल्लं आणली होती. ती मार्च-एप्रिलमध्ये अंड्यावर आली आणि तेवढ्यात ऊन तापलं. नव्या कोंबडीची पहिली भर आमच्या विदर्भातल्या उन्हाळ्यात वाया गेली.

तेव्हापासून मी महाशिवरात्रीच्या मागेपुढे पिल्लं आणते. कडाक्याची थंडी सरलेली असते, त्यामुळे ऊब द्यायला सोपं जातं. मे महिन्यात पक्षी तीन महिन्यांचा, अंगाने हलका असतो, आणि हलका पक्षी भरल्या अंगाच्या कोंबडीपेक्षा ऊन बरं सोसतो. पावसाळ्यात किडे, गवत, गांडुळं खाऊन तो तयार होतो आणि पोळ्याच्या सुमारास पहिलं अंडं येतं. श्रावणात तसंही अंड्याला गिऱ्हाईक नसतं. पोळा झाला की मागणी सुरू होते ती पूर्ण हिवाळाभर.

जात कोणती घ्यायची? अंड्यांसाठी ग्रामप्रिया, अंडी आणि मांस दोन्ही हवं असेल तर वनराजा. या दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच तयार केल्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ग्रामप्रिया नीट सांभाळली तर त्याच्या दुपटीहून जास्त देते. पण तीनचार गावरान कोंबड्या माझ्याकडे कायम असतात, कारण ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही आणि रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायला गावरानच लागते. कडकनाथच्या नादी नवख्या माणसाने लागू नये. तो पक्षी मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, मांसाला भाव चांगला, पण अंडी कमी. पिल्लं घेताना मरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी दिली आहे का, हे विचारूनच घ्या.

आता पहिले एकवीस दिवस. कोंबडीपालन बुडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी जागा तयार पाहिजे. मी बांबूचा तट्टा गोल उभा करते, दीड फूट उंच, आतून चार फूट रुंद. एवढ्यात पन्नास पिल्लं आठवडाभर राहतात, मग तट्टा सैल करत जायचा. गोलच हवा, कोपरा नको. खाली तीन बोटं जाडीचा धानाचा तूस आणि त्यावर जुनी वर्तमानपत्रं. पहिले तीन दिवस कागद काढायचा नाही, नाहीतर पिल्लं दाण्याऐवजी तूसच टिपतात. वर साठ वॉटचे दोन पिवळे बल्ब, जमिनीपासून दीड फुटावर. एलईडी चालत नाही, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीशी ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी करायची.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा रात्री मला उठवलं आणि म्हणाल्या, "पिल्लू ओरडते तं त्याले काही पायजे हाय, आयक." तेव्हापासून मी ऐकून आणि पाहून चालते. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असली तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. तट्ट्याला चिकटून चोच उघडी ठेवून बसली तर गरम होतं आहे, बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून कुणी खातं आहे, कुणी पाय लांब करून झोपलं आहे आणि आवाज मंद आहे, असं दिसलं की तुम्हीही झोपायला जा.

दुसऱ्या वर्षी मी पिल्लं घराच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या मध्ये ठेवली होती. मध्यरात्री लाइन गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी कोपऱ्यात पिल्लांवर पिल्लं चढलेली होती आणि खालची अकरा गुदमरून मेलेली. एकेक उचलून बाहेर काढताना वरच्या पिल्लांच्या अंगाची ऊब अजून त्यांना लागलेली होती. ते मी विसरलेले नाही. आता लाइन जावो न जावो, रात्री चुलीवर पाण्याचं पातेलं असतंच. लाइन गेली की गरम पाणी मडक्यात भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, गोणपाटात गुंडाळून तट्ट्याच्या मधोमध ठेवायचं. पिल्लं त्याला टेकून बसतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या धुराने पिल्लंही जातात आणि माणसंही.

पिल्लं आली की आधी पाणी, मग दाणा. लिटरभर कोमट पाण्यात मूठभर गूळ विरघळवा, प्रत्येक पिल्लाची चोच एकदा त्यात हलकेच बुडवा आणि मग सोडा. दोनतीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सुरू करा. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकून ठेवा, पिल्लू बुडत नाही.

रोज सकाळी प्रत्येकाची मागची बाजू बघा. प्रवासाने दमलेल्या पिल्लाची विष्ठा तिथे वाळून गच्च बसते, वाट बंद होते आणि पिल्लू दोन दिवसांत मरतं. कापूस कोमट पाण्यात भिजवून त्या जागेवर मिनिटभर धरायचा. पापुद्रा मऊ झाला की आपोआप सुटतो. ओढायचं नाही, ओढलं की पिसांबरोबर कातडी निघते. मग कोरडं करून बल्बखाली ठेवायचं. पन्नास पिल्लं बघायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढी द्याच.

लसी चुकवू नका. सातव्या दिवशी लासोटा, ही मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, पाण्यातून. सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ही मानमोडीची मोठी लस, टोचून. पाण्यातून द्यायची तर नळाचं औषध टाकलेलं पाणी घेऊ नका. विहिरीचं घ्या आणि लिटरमागे चमचाभर दूध पावडर टाका. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि उघडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या गल्लीतल्या चार घरी आम्ही एकाच दिवशी पिल्लं आणतो. एक कुपी चौघींत पुरते, वाया जात नाही.

कुपी दुकानातून बर्फातच आणायची. एका वर्षी मी ती रुमालात गुंडाळून एसटीने आणली. लस दिली, कॅलेंडरवर खूण केली आणि निश्चिंत झाले. जूनमध्ये मानमोडी आली. हिरवी हगवण, घरघर, मग मान वाकडी होऊन पक्षी गोल फिरतो आणि पडतो. आठवड्यात तीस गेले. तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी, हे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. आता माझ्याकडे एक जुना थर्मास फक्त त्यासाठीच आहे.

आता चाऱ्याचं. आपल्या भागात घरात जे असतं त्यातलंच बरंच कोंबडीला बाधतं. सरकीची ढेप प्रत्येक कोठ्यात असते. गाईपुढची उरलेली भिजवलेली ढेप मी महिनाभर कोंबड्यांना टाकली. आवडीने खायच्या. मग तालुक्याच्या गावी अंडी घेणाऱ्या एक बाई डबा घेऊन परत आल्या, "ताई, बलक हिरवा निंगाला." त्यांनी अंडी तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवली होती. माझ्यासमोर फोडून दाखवली. बलक शेवाळासारखा हिरवट-तपकिरी, आणि पांढऱ्याला गुलाबी झाक. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, त्याने बलक काळवंडतो, आणि पांढरा गुलाबी होतो तो सरकीच्या तेलामुळे. ताज्या अंड्यात दिसत नाही, ठेवलं की दिसतं. अंड्यावरच्या कोंबडीला ढेप अजिबात नको.

सोयाबीनही कच्चं देऊ नका. कच्च्या दाण्यात पचन रोखणारं द्रव्य असतं, पक्षी खातो पण वाढत नाही. कढईत मंद आचेवर हलवत भाजा, साल तडकून कच्चा वास जाईपर्यंत, मग थंड करून भरडा. पावसात भिजून बुरशी आलेला मका किंवा सोयाबीन कोंबडीलाही नको. आणि पेरणीच्या दिवसांत, तसंच फवारणीनंतर निदान आठवडाभर, कोंबड्या बांधावर सोडू नका. कपाशीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. उधळलेलं बी टिपलं की पक्षी आजारी पडतो, कधी मरतो.

माझं दहा किलोचं मिश्रण असं: ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा पाच किलो, भाजलेल्या सोयाबीनचा भरडा दोन, तांदळाचा कोंडा दीड, तुरीची चुनी एक आणि शिंपल्याचा चुरा अर्धा किलो. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. बांधलेल्या कोंबडीला त्याच्या दुप्पट लागतं. वरून वाळवीचं मडकं. फुटक्या मडक्यात गोणपाटाचे तुकडे, वाळलेलं शेण आणि थोडं कुटार भरायचं, पाणी शिंपडायचं आणि वाळवी असलेल्या जागी संध्याकाळी पालथं ठेवायचं. पहाटे उचललं की आत वाळवी गच्च असते. पिल्लांसमोर झटका, दोन मिनिटांत चट्टामट्टा. ऊन चढेपर्यंत थांबलात तर वाळवी परत जमिनीत जाते.

खुराडा जमिनीपासून दोन फूट उंच, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही. जाळी बारीक हवी. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस डोकं घालतो आणि एका रात्रीत पाच-सहा माना तोडून जातो, खातो एकच. दाराला कडी हवी, दोरी नको. रात्री बसायला आडव्या काठ्या, प्रत्येकीला आठ बोटं जागा.

मे महिना मात्र वेगळा सांभाळायचा. पारा ४५ च्या पुढे गेला की कोंबडी पंख फाकवून, चोच उघडून धापा टाकते. धापांनी तिच्या अंगातलं संतुलन बिघडतं आणि अंड्याचं कवच पातळ होतं, हातात घेतलं तरी तडकतं. पत्र्यावर मी हातभर जाड पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर टाकते, जाळीला ओलं बारदान लावते आणि दुपारी तीनदा पाणी शिंपडते. पाणी मातीच्या माठात, सावलीत, दिवसातून चारदा बदलायचं. दाणा पहाटे पाचला आणि संध्याकाळी सूर्य उतरल्यावर. भर दुपारी खाल्लं की पचनाची उष्णता वाढते आणि पक्षी जागच्या जागी बसतो. दुपारी त्यांना पकडू नका, पळवू नका. डोळे मिटून पडलेली दिसली तर पाय आणि तुरा गार पाण्यात ओला करून सावलीत ठेवा, वाचते.

अंड्याला कोंबडी आली की चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, फूटभर लांबरुंद, अंधाऱ्या बाजूला, तणस घालून. हिवाळ्यात दिवस लहान होतो तशी अंडी घटतात, कारण तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पहाटे चारला खुराड्यात एक छोटा दिवा लावला की बरंच भरून निघतं. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. धुऊ नका, कवचावरची साय जाते आणि अंडं लवकर खराब होतं. निमुळतं टोक खाली करून ठेवा. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत बसवलेलं मडकं चांगलं.

रवणाला बसवायची तर आठ दिवसांच्या आतली अंडी घ्या, एका कोंबडीखाली दहा-बारा. सातव्या दिवशी रात्री बॅटरीवर अंडं धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे, नुसतं पिवळं दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी चोच बाहेर येते. फोडायला मदत करू नका, कोंबडीला ठाऊक आहे.

दुसरं वर्ष सरलं की अंडी कमी होतात, पण कुणाची, हे खुराडाभर बघून कळत नाही. कोंबडी संध्याकाळी उचला आणि मागे, ओटीपोटाच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवा. दोन-तीन बोटं बसली, जागा मऊ आणि ओलसर लागली, तुरा लालभडक असला तर ती अंडी देते आहे. एकच बोट बसलं, तुरा फिका आणि आखडलेला असला तर ती बंद आहे. अशांच्या पायात मी लाल दोरा बांधते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात येतं, तेव्हा दोऱ्याच्या कोंबड्या आधी विकायच्या.